जमीन तयार करताना

गझलेची ‘ज़मीन’ म्हणजे काय, हे मी दरवर्षी वर्गात समजावून सांगते. वृत्त, काफिया आणि रदीफ या तिघांनी मिळून जो साचा ठरतो, ती त्या गझलेची जमीन. दुसऱ्या शायराने तोच साचा घेऊन लिहिलं की अमक्याच्या जमिनीत लिहिलं असं म्हणतात. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, मग त्या जमिनीचा सातबारा कुणाच्या नावावर?” वर्ग हसला, मीही हसले. आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात जमीन म्हटलं की ऊस, पाण्याची पाळी आणि बांधावरची भांडणं, एवढंच डोक्यात येतं. त्या पोराचं काय चुकलं?

चित्राचीही जमीन असते. रंग लावण्याआधी कापडावर, कागदावर किंवा भिंतीवर जो थर देतात, त्याला उर्दू-फारसीत जमीनच म्हणतात. आपले रंगारी त्याला अस्तर म्हणतात. शब्द तोही फारसीच. मी सुट्टीच्या दिवशी थोडंफार रंगकाम करते. रंग, कापड, माती, कागद असं सगळं एकाच फलकावर आणण्याची मला आवड आहे. हल्ली त्याला ‘मिक्स्ड मीडिया’ म्हणतात. पण खरं सांगू का, चित्रापेक्षा त्याच्या खालची जमीन तयार करण्यातच माझा जीव जास्त रमतो. यंदा तर अख्खा उन्हाळा एका फलकाच्या जमिनीत गेला. त्याचीच ही हकीगत.

काटेवाडीतलं आमचं जुनं घर भावाने पाडायला काढलं होतं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माळवद गळत होतं, एक भिंत पोटाला आली होती, आणि पावसाळ्यात अम्मीला त्या घरात ठेवायची आम्हा सगळ्यांनाच भीती वाटायची. मी फक्त मधल्या खोलीच्या दरवाजामागची भिंत मागितली. सगळी नव्हे, दोन घमेली माती आणि वीतभर गिलावा. भाऊ म्हणाला, “माती ती माती. फोटो काढून ठेव की.”

त्या वीतभर गिलाव्यावर दादांच्या हातचा हिशेब होता. माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, आसपासच्या वाड्यावस्त्यांवर फिरून कापड विकायचे. थोडी उर्दू शिकलेले होते. उधारीची वही वेगळी होती, पण घरातून कुणाला धान्य दिलं तर ते दरवाजामागे शिसपेन्सिलीने भिंतीवर टिपून ठेवायचे. देणं फिटलं की त्यावर आडवी रेघ. एकच ओळ बिनरेघेची राहिली होती: ‘पाच पायली जोंधळे’, आणि पुढे नावाच्या जागी फक्त एक ‘काफ’. गंमत म्हणजे उर्दूत ‘ळ’ला अक्षर नाही. दादांनी लाम लिहून त्याच्या डोक्यावर एक बारीक टिंब दिलं होतं. असं अक्षर कुठल्याच कायद्यात, म्हणजे आमच्या उर्दूच्या बाराखडीच्या पुस्तकात, सापडायचं नाही. पण मराठी जोंधळे उर्दूत लिहायचे तर माणसाने करायचं काय?

अम्मी या घरात सून म्हणून आली तेव्हा दादा हयात नव्हते. दरवर्षी ईदच्या आधी ती घर पोतारायची. आधी पांढऱ्या मातीने, नंतर नीळ घातलेल्या चुन्याने. प्रत्येक वेळी त्या एका ओळीभोवती चार बोटं जागा सोडून. चाळीसेक वर्षं हे चाललं. दर वर्षीचा चुना त्या जागेच्या कडेपर्यंत येऊन थांबायचा, त्यामुळे कडा उचलत गेल्या आणि ओळ खाली राहिली, उथळ बशीच्या तळाशी लिहिल्यासारखी. लहानपणी मी त्या कडेवरून बोट फिरवायची. पोत म्हणजे काय, हे मला कलेच्या पुस्तकाने शिकवायच्या आधी त्या कडेने शिकवलं. मी एकदा विचारलं होतं, “अम्मी, यावरून हात का नाही फिरवत?” ती म्हणाली, “उधारी हय ना वो. मिटाने का हक हमको किदर?” अम्मी कुराण वाचते, पण उर्दू तिला लिहिता-वाचता येत नाही. तिथे काय लिहिलंय ते तिने कधी विचारलंही नाही. देणं आहे, एवढंच तिला ठाऊक होतं.

तर तो तुकडा भिंतीवरून सुखरूप काढायचा आणि मग त्याला बसायला जमीन तयार करायची, अशी दोन कामं होती.

मातीचा गिलावा ओढून निघत नाही, त्याचा भुगा होतो. म्हणून आधी त्याच्या तोंडावर कापड किंवा कागद चिकटवून त्याला धरून ठेवावं लागतं. मी पतंगाचा पातळ कागद घेतला, त्यावर मलमलचा तुकडा, आणि चिकटवायला चिंचोक्याची खळ. फेव्हिकॉल घेतला असता तर काम लवकर झालं असतं, पण वाळलेला फेव्हिकॉल पुन्हा पाण्यात विरघळत नाही. कागद काढताना अक्षरंही निघून आली असती. खळ कोमट पाण्याच्या बोळ्याने मऊ पडते आणि कागद अलगद सुटतो. मग चारी बाजूंनी करवतीच्या पात्याने खाच पाडली, मागून लांब सुरी घातली आणि खाली प्लायवूड सरकवलं. भिंत पाडणारे गवंडी चहा पीत बघत बसले होते. त्यांच्यातला एक म्हणाला, “ताई, पोलीस पंचनामा करतात तसं चाललंय तुमचं.”

चिकटवलेलं पुन्हा सोडवता आलं पाहिजे, हा धडा मोठ्या माणसांनी मोठ्या ठिकाणी शिकून ठेवलेला आहे. अजिंठा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी १९२० ते २२ या काळात इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी अशा दोन तज्ज्ञांना बोलावून तिथली चित्रं सावरून घेतली. भिंतीपासून सुटू लागलेले थर त्यांनी जागेवर बसवले, हे उपकारच. पण चित्रांवर दिलेलं लाखेचं वार्निश पुढे पिवळं-तपकिरी पडलं, आणि ते काढत बसायची वेळ नंतरच्या लोकांवर आली. यझदानींनी अजिंठ्यावर चार भागांचा ग्रंथ लिहिला, तो आजही प्रमाण मानतात. बुद्धाच्या चित्रांसाठी आयुष्यातली इतकी वर्षं देणारा हा माणूस आपल्या मुलांना कुठल्या धड्यात भेटत नाही, याचं मला वाईट वाटतं.

अजिंठ्याची जमीन काही आकाशातून पडलेली नव्हती. माती, दगडाची कच, भाताचं तूस, गवत, झाडांचे तंतू यांचा गिलावा, आणि त्यावर चुन्याचा पातळ हात. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले सापडले. २०१६ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा वर्गातली पोरं आठवडाभर त्यावरच विनोद करत होती. आमच्या घराच्या भिंतीत भांग नव्हती, गव्हाचं काड आणि शेण होतं. तत्त्व तेच. माती वाळते तेव्हा पाणी निघून जातं आणि ती आकसते. आकसताना तिला आतून धरून ठेवणारं काही नसेल तर ती फाटते. तंतू तिला धरतात. ‘गिलावा’ हा शब्दही फारसी ‘गिल’वरून, म्हणजे चिखलावरून आला आहे. पोतारा मात्र आपला, बायकांचा.

आता जमिनीकडे येते. चौकटीवर ताणलेल्या कॅनव्हासवर मातीचं काम करू नये. कापड ढोलकीसारखं हलतं, माती हलत नाही, आणि तिथेच तडे जातात. म्हणून मी तीन फूट बाय दोन फुटांचं प्लायवूड घेतलं आणि त्यावर मांजरपाट चिकटवायचं ठरवलं. बारामतीत कापड घ्यायला गेले. कोरं, पांढरं, अडीच मीटर म्हटल्यावर दुकानदाराने कात्री खाली ठेवली आणि आवाज उतरवून विचारलं, “कुणाची मयत झाली का बाई?” माझ्या डोक्यावरची ओढणी बघून त्याने कफनाचा हिशेब लावला होता. मी म्हटलं, चित्रासाठी हवंय. त्याला बरं वाटलं की वाईट, ते मला कळलं नाही, पण त्याने दहा रुपये कमी घेतले.

मांजरपाट आधी गरम पाण्यातून काढायचं. गिरणीची खळ त्यात असते, ती निघाल्याशिवाय आपली खळ आत शिरत नाही. आणि आटायचं तेवढं ते आधीच आटून जातं. मग चिंचोके. भाजायचे, तपकिरी टरफल काढायचं, रात्रभर भिजवायचे, पाट्यावर वाटायचे, पातळ करून शिजवायचे आणि गाळायचे. घोंगडी विणणारे सनगर आपल्या ताण्याला हीच खळ देतात. ओडिशाचे पटचित्रकार आणि तेलंगणातले चेरियालचे चित्रकार कापडावर जमीन करतात तीही चिंचोक्याचीच. मला हे पुस्तकातून कळलं. अम्मीला सांगितलं तर ती म्हणाली, “उसमें नवा क्या हय?”

खळीत चिमूटभर मोरचूद घातलं, किडा लागू नये म्हणून. द्राक्ष-डाळिंबवाल्यांच्या घरात मोरचूद असतंच, बोर्डो मिश्रणासाठी. ते विषारी आहे. त्याचं भांडं स्वयंपाकघरात परत न्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवा. आमच्या खुशनवीस लोकांची, म्हणजे सुलेखनकारांची, ‘वसली’ही अशीच बनायची: कागदावर कागद, मध्ये कणकेची खळ आणि त्यात मोरचूद. वसली हा शब्द ‘वस्ल’वरून आला, म्हणजे मिलन. शायरांनी ज्या वस्लसाठी उभी आयुष्यं रडून काढली, ते मिलन कातिबांनी खळीच्या एका वाटीत साधलं होतं.

कापड प्लायवूडवर ओलं चिकटवलं की वाळताना ते ओढतं आणि फळी वाकते. म्हणून मागच्या बाजूलाही तेच कापड लावायचं, दोन्हीकडची ओढ सारखी होते. दोन दिवस सावलीत.

पुढे पांढरा थर. दुकानात जेसो नावाने डबा मिळतो. अ‍ॅक्रिलिकचा जेसो १९५० च्या दशकातला, अमेरिकेतला. त्याआधी शेकडो वर्षं युरोपातले चित्रकार जिप्सम किंवा खडूची पूड आणि जनावरांच्या कातड्याचा सरस वापरायचे. जेसो हा इटालियन शब्द मूळ जिप्समचाच. माझ्याकडे जिप्समची काय कमतरता? फळ्यावरचे साधे खडू बहुतेक त्याचेच असतात. वर्ग सुटला की फळ्याखालच्या कडेला बोटभर तुकडे उरतात, ते मी डब्यात टाकत आले आहे. खलबत्त्यात कुटले, वस्त्रगाळ केले, निम्म्या पाण्याने पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये कालवले. इथे फेव्हिकॉल चालतो, कारण इथून काही परत सोडवायचं नाही. पहिला हात आडवा, वाळल्यावर दुसरा उभा. मधे बारीक पॉलिश पेपर फक्त फिरवल्यासारखा फिरवायचा, गुळगुळीत करायचं नाही. वरच्या मातीला पकड हवी असते.

मग घराची माती. ती साधी माती नव्हे, पांढरीची. आपल्याकडे गावाचे दोन भाग, काळी आणि पांढरी. काळीत पीक, पांढरीत वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या माणसांची घरं जिथे पडली आणि पुन्हा उठली ती ही माती. ढेकळं फोडली तेव्हा आत काडाचे तुकडे अजून सोनेरी होते. एका ढेकळात बांगडीची काच निघाली, हिरवी. माती पिठाच्या चाळणीने चाळली, काड वेगळं करून कातरलं आणि पुन्हा मिसळलं. चुन्याचे पोपडे बाजूला ठेवले. त्यांच्या कडेला बघितलं की थर मोजता येतात: पांढरा, फिकट निळा, पांढरा, निळा. चुना हवेतला कर्बवायू घेत घेत पुन्हा दगड होतो, म्हणून तो टिकला. निळीचा रंगही चुन्यात टिकतो. प्रशियन ब्ल्यू असती तर चुन्याने केव्हाच खाल्ली असती.

माती मी पळीसारख्या चाकूने पसरायला घेतली. पॅलेट नाइफ म्हणतात त्याला. अम्मी खुर्चीत बसून बघत होती. गावाहून बारामतीत माझ्याकडे राहायला आल्यापासून ती फार बोलत नव्हती. घर पाडताना ती गेली नाही, आणि नव्या घराचं काम कुठवर आलं हेही तिने भावाला विचारलं नाही. थोड्या वेळाने उठली, बाह्या वर केल्या आणि म्हणाली, “वो चमच्या रख. हात से लगा.” मग मला बाजूला सारून स्वतःच बसली. पंजा पसरून, खांद्यातून हात वळवत, डावीकडून उजवीकडे अर्धगोल. एकाला लागून दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा. गुडघे दुखतात म्हणून जमिनीवर न बसणारी बाई दीड तास उठली नाही. पातळ थर, एक दिवस वाळवण, परत थर, असे तिने चार दिले. जाड दिला असता तर तडकला असता, हे तिला मी सांगायची गरज नव्हती. शेवटचा हात निळीच्या चुन्याचा, पोतेऱ्याने.

मधे दादांच्या तुकड्यासाठी जागा सोडली होती. त्याच्या पाठीची माती घासून तो पातळ केला, खाली ओली माती दिली, दाबून बसवला. तोंडावरचा कागद कोमट बोळ्याने भिजवून काढताना मात्र माझा श्वास अडकला होता. शिसपेन्सिलीची शाई होत नाही, ती कर्ब असते, उन्हापाण्याने विटत नाही. लाम, आणि त्याच्या डोक्यावरचं टिंबसुद्धा, जागेवर होतं. अम्मीने आजूबाजूचा चुना त्या कडेपर्यंत आणला आणि चार बोटांवर थांबवला.

माझ्या डोक्यात पुढचा बेत तयार होता. आषाढात तुकोबांची पालखी काटेवाडीत येते, तेव्हा परीट मंडळी रस्त्यावर धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. पालखी पुढे गेल्यावर त्या पांढऱ्या कापडावर जे उमटलेलं असतं ते लहानपणी मी बघत राहायचे. त्यातलं काही या जमिनीवर आणावं, वर घोंगडीची लोकर, उसाची चिपाडं आणि थोडा गेरू, असं मनात होतं. पालखी जाते त्या पंढरपुरात १९१५ साली जन्मलेला एक मुलगा पुढे मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरायचा आणि मग मकबूल फिदा हुसेन झाला, हे मी मुलांना नेहमी सांगते. रंगाकडे आपलंही पाऊल वळू शकतं, एवढ्यासाठी.

अम्मीने बेत ऐकून घेतला. माणसं, मेंढ्या, पायाचे ठसे. मग म्हणाली, “इसपे अब कुच नको निकाल.”

मला वाटलं, तसवीरचा प्रश्न आला. आमच्याकडे नमाजच्या खोलीत जिवंत आकृतीचं चित्र लावत नाहीत. मी तो मान ठेवते, त्यावर कुणाशी वाद घालत नाही. म्हटलं, मेंढ्या काढत नाही, नुसते रंग लावते. वासुदेव गायतोंडेंची गोष्टही सांगितली. आपल्या नागपुरात जन्मलेला चित्रकार, रोलर आणि चाकूने रंगाचे थर द्यायचा आणि काढायचा, आकृती म्हणून काही नाही. आपल्या चित्रांना अमूर्त म्हटलेलं त्यांना आवडत नसे, वस्तुनिरपेक्ष म्हणा म्हणायचे. अम्मीने गायतोंडेही शांतपणे ऐकून घेतले.

“तसवीर का नई बोलती मैं,” ती म्हणाली. “जगा मैने छोडी हय. उसके बाजू में तू भरेगी तो वो छोडी हुई कैसी दिखेगी?”

याला उत्तर नव्हतं. मी चित्रकलेची दोन-चार पुस्तकं वाचलेली, तिने चाळीस वर्षं भिंत केलेली. वाद कोण जिंकणार? मी गेरूची वाटी झाकून ठेवली.

त्या रात्री तिने पहिल्यांदा विचारलं, “लिखा क्या हय उसमें?”

मी वाचून दाखवलं. पाच पायली जोंधळे. काफ.

“काफ कौन?”

मला काय ठाऊक? मग आम्ही दोघी गावातली काफची माणसं आठवत बसलो. क वरून नावं असलेली घरं काटेवाडीत थोडी नाहीत, आणि त्यात कुणी कोणत्या जातीधर्माचं हे एका अक्षरावरून कळत नाही. अम्मीने एकेक नाव घेतलं आणि एकेक सोडून दिलं. हे देतील असे नाहीत, यांच्याकडे मागायची पाळी आली नसती, या घरात तेव्हा दुष्काळात काहीच नव्हतं. त्या तिसऱ्या घराशी ती थोडा वेळ थांबली.

“उनका पोता अब्बी आताय ना दूध लेके?”

“हो.”

“फिर माफ करने का,” अम्मी म्हणाली. “लेकिन रेघ नको मार. दादा की उधारी, दादा मारते तो मारते.”

नवं घर आता प्लॅस्टरपर्यंत आलंय. भावाने विचारलं, फलक हॉलमध्ये लावायचा का, टीव्हीच्या वर? तिथे चांगला उजेड पडेल. अम्मीने त्याला दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो ते विचारलं, आणि त्याच्या मागच्या भिंतीत खिळा मारायला सांगितला.